सगळ्या वाडीचा एकच नंबर

आईच्या घरातलं नेट बंद पडलं की मी इथून, अरुणाचलमधल्या रस्त्याच्या कामावरून, कंपनीला फोन लावतो. तिकडून एक बाई बोलते. बाई म्हणजे मशीनच. मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा. मी दाबत जातो, मग गाणं लागतं. गाणं संपल्यावर जो माणूस येतो तो नीट बोलतो, तक्रार लिहून घेतो आणि एक-दोन दिवसांत कुणीतरी घरी जातंही. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते गाणं कानाला लावून उभा असताना मला दर वेळी एकच आवाज ऐकावासा वाटतो.

"दिवा कंचा हाय?"

आमच्या केबलवाल्या सुमनकाकू फोन उचलल्या उचलल्या एवढंच विचारायच्या. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. आवाजावरून त्या माणूस ओळखायच्या, आणि नाही ओळखला तर तो आपणहून सांगेल असं त्यांचं मत. भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा असेल तर वायर कुठंतरी तुटली, काम काकूंचं. हिरवा असेल तर वायर धड आहे, बिघाड घरात आहे. रिमोटचे सेल बघा, पोरांनी कुठलं बटण दाबलंय ते बघा. पुढं पुढं ही दिव्यांची भाषा त्यांनी माणसांनाही लावली. गुंजवण्यात एका घरी सासू-सुनेचं वाजलं होतं आणि दोघी मिळून शेजारणीला दोष देत होत्या. काकू तिथं वायर जोडायला गेलेल्या. सगळं ऐकत काम उरकलं आणि उंबऱ्यावर चप्पल घालताना म्हणाल्या, "हिरवा दिवा हाय बायांनो, घरातच बघा." ती गोष्ट त्या सासूनंच पुढं सगळ्यांना सांगितली.

वेल्ह्यापासून वर डोंगराकडे जी गावं आणि वाड्या आहेत, तिथं टीव्हीची वायर पहिल्यांदा नेली ती काकूंच्या नवऱ्यानं. काका गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता टीव्ही बंद. पण दिवस झाल्यावर काकूंनी काकांचा जुना शर्ट साडीवर चढवला, शेतावर जाताना बाया घालतात तसा, पक्कड कमरेला खोवली, वायरचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि वर निघाल्या. खांबावर चढायला माणूस ठेवला होता. त्याला खालून त्या इतक्या सूचना द्यायच्या की तो वरूनच म्हणायचा, काकू, तुमीच या वर, मी खाली थांबतो.

त्यांचं माहेर हिर्डोशीचं. वरंध घाटाकडच्या त्या गावात एसटीची वाट बघण्यापेक्षा चालणं लवकर होतं. ती सवय काकूंची सासरी येऊनही गेली नाही. "गाठलं यष्टीनं तर बसू," म्हणायच्या आणि चालायला लागायच्या. बहुतेक वेळा एसटी त्यांना शेवटच्या फाट्यावर गाठायची आणि कंडक्टर दारातून वाकून विचारायचा, काकू, आता उतरायचंच हाय तर बसताय कशाला.

कुणाच्याही घरात शिरल्या की आधी पाणी मागायच्या, मग घरातल्या एकेका माणसाची चौकशी, मग जनावरांची, आणि मग डब्याकडे वळायच्या. डब्याशी वासराशी बोलावं तसं बोलायच्या. "उठ रं राजा, लई झोपलास." चहा बिनदुधाचा. मानानं कुणी दूध घातलं तर मुकाट्यानं प्यायच्या, आणि पुढच्या खेपेला घरात शिरतानाच सांगायच्या, "दूध रेडकाला ऱ्हाऊ द्या."

पुढं टीव्हीच्या जाड वायरीच्या जागी काचेची बारीक वायर आली, तिच्यातून टीव्हीही येतो आणि नेटही. ती जोडायचं एक मशीन असतं. काकू ते जुन्या लुगड्यात गुंडाळून तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून न्यायच्या. एकदा भर पावसाळ्यात झाड पडून वायर तुटली, ती नेमकी धनगरवाड्याच्या वर. केसाएवढी ती काच, तिला ओल चालत नाही, आणि सगळं रान तर वाहत होतं. काकू शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसल्या. बायांनी दाराला इरली धरली, आत वाऱ्यानं थेंब येऊ नये म्हणून. काकू मशीन मांडीवर घेऊन दोन टोकं जुळवतायत, आणि एक करडू मान लांब करून त्यांच्या हातात बघतंय. "बघ," काकू त्याला म्हणाल्या, "पर चाटू नगं." वायर जुळली, वाडीतले दिवे हिरवे झाले. इरलं धरणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं, आता माझ्या नातवाचं तोंड दिसंल का? काकू म्हणाल्या, त्यानं तिकडं धुतलं असंल तर दिसंल.

माझा आणि त्यांचा संबंध असाच तोंड दिसण्यावरून आला.

मी आठवीनंतर शाळा सोडली. मशीनींचा नाद होता. आमच्याकडच्या रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवायला शिकलो आणि ठेकेदाराबरोबर कुठं कुठं फिरत इथं लांब आलो. घरी पासलीला आई एकटी. वडिलांची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली होती, तेव्हापासून आईला मशीन म्हटलं की बोटं आठवतात. मी रजेवर गेलो की उंबऱ्यातच माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट बघायची, मग आत घ्यायची. वडील गेले. मग एका तापात आईचे कानही गेले. बोलते चांगली, पण ऐकू काही येत नाही. गावात मोबाईलला रेंज नाही, आणि रेंज असती तरी तिच्या काय उपयोगाची. महिनोन्महिने तिला माझी खबर दुसऱ्याच्या हातवाऱ्यांतून कळायची, आणि हातवाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता.

हे सगळं मी एका रजेत काकूंना सांगत होतो. त्या आमच्या ओसरीवर काळा चहा पीत होत्या. मी विचारत होतो की नेट घेतलं तर आईला मोबाईलवर बोलता येईल का. त्यांनी कप खाली ठेवला.

"आयकाया येत न्हाई तिला. बोलतोस काय? तोंड दाव."

दुसऱ्या आठवड्यात त्या स्वतः आल्या. जोडणी केली, टीव्हीवर कॅमेरा बसवला, आणि आईला शिकवायला बसल्या. दोघी समोरासमोर, काकू पकडीनं खुणा करतायत आणि आई मान डोलावतेय. हिरवं बटण दाबलं की पोरगा, लाल दाबलं की पोरगा गेला. आई एका दुपारात शिकली. मी इथं कॅम्पात परत आल्यावर पहिल्यांदा तिच्या टीव्हीत दिसलो तेव्हा ती कसा आहेस, जेवलास का, काही बोलली नाही. म्हणाली, "हात दाव."

तेव्हापासून रोज कामावरून आलो की कॅम्पच्या ऑफिसजवळ, जिथं वायफाय लागतं तिथं उभा राहून मी दोन्ही हात मोबाईलपुढं धरतो. आधी तळवे, मग उलटे. आईचं बघून झालं की मग ती गावाच्या गोष्टी सांगते आणि मी खुणांनी उत्तरं देतो. बाकीचे ऑपरेटर आधी हसायचे, आता त्यांच्यातला एक तिला हातही दाखवतो.

मग कंपनी आली. भोर-वेल्ह्याकडच्या छोट्या केबलवाल्यांच्या लायनी विकत घेत ती वर सरकत होती. काकूंनी विकलं. गुडघे बोलायला लागले होते, आणि ज्यांच्याकडून त्यांना सिग्नल मिळायचा त्यांनी आधीच कंपनीला विकलं होतं. "नदी त्यांनी घेतली, मग म्या पाट धरून काय करू?" एवढंच म्हणाल्या.

बातमी पोचल्यावर गावातल्या माणसांची झोप उडाली असं म्हणणार नाही, पण माझी उडाली. कनेक्शन राहणार का, डबा बदलला तर आईला नवीन बटणं कोण शिकवणार, बंद पडलं तर तिनं फोन कुणाला आणि कसा करायचा. मी काकूंना इतके फोन केले की शेवटी त्या म्हणाल्या, "तुजा सोताचा दिवा लाल झालाय बग. जेव आन् झोप."

विकल्यावर गप्प बसता आलं असतं. पण काकू वाडीवाडीत गेल्या आणि माणसं गोळा करून समोर बसल्या. पासलीची बैठक त्यांनी आमच्या घरात घेतली. देवळाचा मंडप असताना आमचं घर का, तर आमच्या टीव्हीवर कॅमेरा होता. बाहेरगावी असलेली पोरं बिलं भरतात, म्हणजे तीही गिऱ्हाईकं, त्यांनीही ऐकलं पाहिजे, असं काकूंचं म्हणणं. त्यामुळं मी बैठकीत टीव्हीत बसून होतो. मला दिसत होती ती आमची सगळी पडवी, भिंतीला टेकलेली माणसं, पुढं आई, आणि कोपऱ्यात निखिल नावाचा कंपनीचा मुलगा, मांडीवर टॅब घेऊन.

बबनतात्या आमच्या आळीतले सगळ्यांत म्हातारे. सुरुवात त्यांनीच केली.

"सुमन, आमाला इकलंस व्हय?"

"तुमाला कोण घेतंय तात्या? वायर इकली. तुमी तसंच शिल्लक ऱ्हायलात."

माणसं हसली, तात्याही हसले, आणि मग एकेकाचं मनातलं बाहेर यायला लागलं. भाव वाढणार का. कीर्तनाचं चॅनेल जाणार का. पावसाळ्यात वायर तुटली तर कंपनीचा माणूस पुण्याहून चिखलात येणार का. शेजारच्या रंजनावहिनीनं विचारलं, पोरीचा ऑनलाईन क्लास चालू आहे, डबा बदलताना किती दिवस बंद राहील. काकू जे ठाऊक होतं ते सांगत होत्या. जे नव्हतं त्याला सरळ "म्हाईत न्हाई, इचारते" म्हणून निखिलकडे बघत होत्या. तोही बिचारा गोड बोलून वेळ मारून नेत नव्हता.

शेवटी तो म्हणाला, एक अडचण आहे. आमच्या सिस्टीममध्ये ह्या वाडीतल्या सगळ्या घरांना एकच मोबाईल नंबर आहे. सिस्टीमला वाटतंय हे सगळं एकच गिऱ्हाईक आहे.

तो नंबर काकूंचा होता. कनेक्शन देताना नंबर लिहावा लागायचा. गावात रेंज नाही, माणसं सिम बदलत राहतात, कुणाकुणाकडे फोनच नाही. काकूंनी प्रत्येक घरापुढं आपलाच नंबर टाकला. कंपनीचा जो निरोप येईल तो आपल्याकडे येईल आणि आपण जाऊन सांगू. इतकी वर्षं तसंच चाललं होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. आता प्रत्येक घर ज्याच्या त्याच्या नंबरावर चढवायचं होतं. त्यासाठी जुन्या आणि नव्या, दोन्ही नंबरांवर ओटीपीचे आकडे येणार, ते एकाच वेळी सांगायचे. ठरलेल्या दिवसापर्यंत जे घर चढणार नाही ते आपोआप बंद.

"म्हंजे आमची घरं तुज्या नावावर व्हती तर," तात्या म्हणाले. "आन् आमी हितं सारवत बसलो."

ह्या वेळी काकू हसल्या नाहीत. उठून उभ्या राहिल्या. "चूक माजी हाय," त्या म्हणाल्या. "तवा सोपं वाटलं. एक बी घर बंद पडू देणार न्हाई, पर तुमाला माज्यासंगं टेपावर यावं लागंल."

रेंज येते ती गावाच्या वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर. कुणाला फोन करायचा असला की माणसं तिथंच चढतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अख्खी वाडी चढली. काय झालं ते मला वहिनीनं नंतर रंगवून सांगितलं. भाकऱ्या बांधून नेल्या होत्या. निखिल एका दगडावर, काकू त्याच्या शेजारी आपला मोबाईल पदरात धरून, आणि समोर ओळीत सगळे आपापले फोन आभाळाकडे करून. ज्याच्या घरात फोन नव्हता त्यानं लेकीचा, जावयाचा नंबर आणला होता. एकेक नाव पुकारलं जायचं, काकू आपल्या फोनवरचे आकडे वाचायच्या, समोरचा आपले. तात्यांना चष्म्यातून आकडे दिसेनात, तेव्हा त्यांनी फोन शेजारच्याला दिला आणि त्यानं स्वतःच्या फोनवरचे वाचले. पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या घराला नंबर माझा. मला आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी मी मशीन दुसऱ्याच्या हाती दिली आणि कॅम्पामागच्या मुरमाच्या ढिगावर फोन घेऊन उभा राहिलो. काकूंचा फोन आला, म्हणाल्या, आता येतील आकडे. आले नाहीत. आले ते वेळ उलटून गेल्यावर. पुन्हा मागवले, पुन्हा तेच. नंतर फोनच लागेना, इकडं डोंगरावर ढग उतरले होते. ऊन कलल्यावर माणसं टेपावरून उतरली, तरी काकू बसून होत्या. निखिल म्हणाला, काकू, आज बंद झालं. त्या म्हणाल्या, "त्ये पोरगं तिकडं ढिगावर उबं असंल. जरा थांब." तो थांबलाही. पण सगळ्या वाडीत एकच डबा लाल झाला, तो आमच्या आईचा.

त्या दिवसांत माझा जीव नुसता टांगणीला होता. आईला वायर, कंपनी, आकडे, हे खुणांनी कसं सांगणार. ती एवढंच बघत होती की हिरवं बटण दाबलं तरी मुलगा येत नाही. वहिनी म्हणाली, ती जेवायला बसते आणि उठते. सगळ्यांना विचारत सुटलीय, त्याच्या हाताला काय झालंय ते सांगा, लपवू नका.

काकूंनी मला फोन केला. मोबाईलमध्ये हातांचा व्हिडिओ काढून पाठव, मी नेऊन दाखवते. मी पाठवला. त्या वेल्ह्याहून पासलीला गेल्या, आईला दाखवला. आई म्हणाली, हा जुना आहे.

काकू परतल्या, रेंजमध्ये आल्यावर पुन्हा फोन. त्यांनी आईलाच खुणांनी विचारलं होतं, मग काय दाखवलं तर तुला पटेल? आणि अवजारांच्या पिशवीतून त्यांची लाल चिकटपट्टी काढून आईपुढं धरली होती, बोटावर गुंडाळायची खूण करून. आईनं स्वतःची डावी करंगळी वर केली होती.

"डाव्या करंगळीला लाल टेप गुंडाळ. आन् हसू नगंस, सरळ बग."

टेप कॅम्पात होतीच. मी गुंडाळली, हात उलटसुलट केले, पाठवलं. काकू दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेल्या. गुडघे दुखतायत हे वहिनीकडून कळलं, त्या बोलल्या नाहीत. धंदा आता त्यांचा नव्हता, गिऱ्हाईक त्यांचं नव्हतं. येताना त्यांनी आईचा व्हिडिओ आणला. आई मोबाईलमधल्या माझ्या करंगळीकडे बघतेय, जवळ नेऊन, लांब धरून. मग ती मान वर करते आणि म्हणते, "व्हय. धड हाय." आणि काकूंना म्हणते, बस, भाकरी टाकते, दोघी खाऊ.

काही दिवसांनी निखिलनं भोरच्या ऑफिसात वरच्यांशी बोलून आमचं काम पुन्हा उघडून घेतलं. काकू त्याच्यासमोर खुर्चीत बसून होत्या. ह्या वेळी इकडं आभाळ स्वच्छ होतं. "सांग," काकू म्हणाल्या, "सावकास सांग, मी हाय." मी आकडे सांगितले. काकूंनी आपल्या फोनवरचे वाचले. मग लांबून निखिलचा आवाज आला, झालं.

त्यानंतर कंपनीची माणसं येत गेली, भाव थोडा वाढला, कीर्तनाचं चॅनेल राहिलं. काकूंना आता कुणी फोन करायची गरज नव्हती, तरी माणसं करायची आणि त्याही दिवा विचारायच्या. मग चालणं फारच अवघड झालं आणि लेक त्यांना आपल्या घरी सोलापूरकडे घेऊन गेली. मागल्या थंडीत त्या तिथंच गेल्या. मला वहिनीनं कळवलं. त्या दिवशी मी आईला काही सांगितलं नाही, पण माझं तोंड बघून तिनं विचारलंच, आणि मी हवेत पक्कड धरल्याची खूण केली. तिला कळलं.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या टीव्हीवरच्या कॅमेऱ्यातून. लेकीकडे जायच्या आदल्या दिवशी आईला भेटायला वर आल्या होत्या. मी कामावरून आलो, फोन लावला, तर समोर आई आणि काकू भिंतीला टेकून बसलेल्या, मध्ये काळ्या चहाचे कप. आईनं माझे हात बघितले. मग काकू उठायला लागल्या, गुडघ्यावर हात टेकून, दोन दमांत. कॅमेऱ्याजवळ आल्या. आधी पदरानं त्याची काच पुसली, तेव्हा सगळं अंधारलं. मग त्यांचा चेहरा मोठा झाला आणि मागं सरकला. त्यांनी पिशवीतून लाल टेप काढली, डाव्या करंगळीला एक वेढा घेतला, दातानं तोडली, आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले. आधी तळवे, मग उलटे. मी नीट बघेपर्यंत तसेच धरून उभ्या राहिल्या.